सही कोणाची, पायपीट कोणाची?

(मंडळाच्या महिला दिन कार्यक्रमातील भाषण)



महिला दिनाला भाषण करायला पुरुष, तोही कॉम्प्युटरवाला! काहीजणी हसताहेत, ते दिसतंय मला. पण मी आमच्या धंद्यातलाच एक नियम सांगणार आहे: जो सिस्टीम वापरणार, त्याला आधी विचारा. हा नियम जंगलालाही लागू पडतो.

चिपको आंदोलन आपण शाळेत शिकलो. २६ मार्च १९७४ ला चमोली जिल्ह्यातल्या रेणी गावात पुरुष बाहेरगावी गेलेले असताना गौरा देवींनी बायकांना घेऊन झाडं वाचवली. धडा तिथे संपला. पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली. १९८० साली त्याच भागातल्या डुंगरी-पैंतोली गावी सरकारी बागायत खात्याला बटाट्याचं शेत करायचं होतं. बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना मिळणार, म्हणून गावातल्या पुरुषांनी जंगल तोडायला होकार दिला. बायकांना कुणी विचारलंच नाही. पण जळण आणि चारा आणायला रोज जात होत्या त्याच! जंगल गेलं की त्यांचीच पायपीट वाढणार होती. त्या आडव्या उभ्या राहिल्या आणि जंगल वाचलं.

ते पुरुष काही वाईट नव्हते हो. फक्त डोक्यावर मोळी त्यांच्या नव्हती.

आज हवामानबदलाच्या नावाने झाडं लावायच्या योजना येतात. कुठली झाडं लावायची, कुठलं रान बंद करायचं, हे समिती ठरवते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं आणली, वनहक्क समितीत एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. नुसतं नाव मात्र पुरत नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास २०१० साली पुस्तकरूपाने मांडला. समितीत पाव ते एक तृतीयांश बायका असल्या की त्या जास्त येतात, जास्त बोलतात, असं त्यांना आढळलं. एकटी बाई गप्पच बसते.

आता घरचं सांगतो. गेल्या दिवाळीचा हॉल आम्ही पाच पुरुषांनी ठरवला. स्वस्त मिळाला, म्हणून खूष! तिथे स्वयंपाकघरच नव्हतं. थंडीत पार्किंग लॉटमधून पातेली वाहिली ती तुम्ही. सही माझी होती.

पुढच्या महिन्यात नवी समिती निवडायची आहे. एका बाईचं नाव टाकून मोकळे होऊ नका. निदान तिघी तरी या. माझी जागा मी सोडतोय.