तुंबलेली न्हाणी

न्हाणीघरांतील पाणी मुकाट्यानें वाहून जात असतें, तोंवर तें कोठें जातें याचा विचार कोणीहि करीत नाहीं. तें अडलें म्हणजे मात्र घरांत प्रथम शोध सुरू होतो तो अपराध्याचा! लांब केसांच्या मुलीला बोल लागतो, मुलगी भावाच्या दाढीकडे बोट दाखविते, आजोबा नव्या साबणाला दोष देतात. आणि इतका वाद होऊनहि शॉवरखालचें पाणी घोट्यापर्यंत चढलेलें तें चढलेलेंच राहतें. श्रोतेहो, अशा वेळीं बाजारांतून ॲसिडची बाटली आणण्यापूर्वीं मोरीची रचना समजून घेणें अधिक हितावह होय.

जाळीखालीं फरशींत एक लहानसें भांडें बसविलेलें असतें. बांधकामाच्या धंद्यांत त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. या नांवांत मराठी माणसाला ओळखीची न्हाणी सहज ऐकूं येते. या भांड्यांत साधारणतः ५० मिलिमीटर उंचीचें पाणी सदैव उभें असावें लागतें. तें तुंबलेलें पाणी नव्हे. गटाराची दुर्गंधी आणि झुरळें अडविणारा तो पहारेकरी आहे. वांकड्या नळींत पाणी राखून शौचकूपाची घाण हवा रोखण्याच्या युक्तीचें पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं घेतलें. तत्त्व आजहि तेंच आहे.

परंतु जेथें पाणी थांबतें, तेथें पाण्याबरोबर आलेला मळहि थांबतो. निरोगी माणसाचे दिवसाकाठीं ५० ते १०० केस गळतात, आणि केस पाण्यांत विरघळत नाहीं. पाणी बोअरचें, म्हणजे जड असेल, तर त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशीं साबणाचा संयोग होऊन पांढरट, चिकट सांका तयार होतो. डोक्याचें तेल त्यांत भर घालतें. केसांनीं जाळें विणावें आणि सांक्यानें तें लिंपून घ्यावें, असा हा प्रकार आहे. एकट्या मुलीचा अपराध तो नव्हे. सर्व घराची ती सामाईक कमाई आहे.

उपायापूर्वीं परीक्षा करावी. एकाच न्हाणीचें पाणी सावकाश जात असेल, तर अडथळा बहुधा तिच्याच भांड्यांत असतो. परंतु हात धुण्याचें बेसिन व शौचकूपहि मंदावले असतील, किंवा एकीकडे पाणी सोडतांच दुसरीकडे बुडबुड असा आवाज येत असेल, तर दोष पुढील मोठ्या नळांत वा बाहेरच्या चेंबरमध्यें समजावा. तें काम जाणत्या कारागिराचें.

दोष न्हाणींतच असेल, तर हातांत रबरी मोजे घालून जाळी उचलावी. आंत सुटी वाटी असल्यास ती काढून घांसावी. जाड तारेच्या टोंकाला लहानशी आंकडी करून ती हलक्या हातानें फिरवावी व वर ओढावी. निघालेला गोळा कागदांत गुंडाळून केरांत टाकावा; शौचकूपांत लोटूं नये, नाहींतर एका दारींचें दुखणें दुसऱ्या दारीं जातें. त्यानंतर रबरी दट्ट्या पाण्यांत बुडेल असा धरून दहाबारा वेळां दाबावा. शेवटीं स्नानाइतकें ऊन पाणी ओतावें. उकळतें पाणी नको. हल्लींचे नळ पीव्हीसीचे असतात व सुमारें ८० अंश सेल्सियसला ते मऊ पडूं लागतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस डोळ्यांना सुखवितो, पण केसांच्या गोळ्यापुढें त्याचें बळ फारसें चालत नाहीं.

आतां ॲसिडाविषयीं. त्यानें केस सहसा विरघळत नाहीं. सिमेंटचे सांधे व धातूची जाळी मात्र झिजते. याहून मोठें भय निराळेंच आहे. समजा, सकाळीं सुनेनें स्वच्छतेसाठीं मोरींत ब्लीचिंग पावडर टाकली, आणि दुपारीं सासऱ्यांनीं नकळत तीवर ॲसिड ओतलें. दोघांचेहि हेतु चांगले. परंतु त्या कोंडलेल्या खोलींत क्लोरीन हा विषारी वायु निर्माण होतो. असें घडल्यास काय झालें तें पाहत न बसतां तत्काळ बाहेर पडावें, मोकळ्या हवेंत जावें आणि श्वासाला त्रास होत असल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावें. कॉस्टिक सोडा केस खातो हें खरें. पण तो त्वचा आणि डोळेहि तितक्याच तत्परतेनें खातो. तें औषध ओतल्यावर दट्ट्या मारणें म्हणजे तें स्वतःच्या तोंडावर उडवून घेणें होय. आणि मागाहून कारागीर बोलवावा लागलाच, तर मोरींत काय ओतलें आहे तें त्याला आधीं सांगावें. आंत जाणारा हात त्याचा असतो, आणि तोहि कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो.

जुन्या बायका केस विंचरल्यावर गुंतवळ बोटाला गुंडाळून बाजूला टाकीत. स्नानापूर्वीं केस विंचरण्याची व गुंतवळ मोरीपासून दूर ठेवण्याची ती संवय आजहि उपयोगी आहे. तिच्या जोडीला बारीक छिद्रांची जाळी बसवावी आणि आठवड्यांतून एकदां ती उचलून साफ करावी. परगांवाहून परतल्यावर न्हाणीला दुर्गंधी आली, तर भांड्यांतील पाणी सुकलें असें समजून तांब्याभर पाणी ओतावें.

हें सारें काम पंधरा मिनिटांचें आहे. अपराधी कोण, याचा वाद याहून अधिक वेळ चालतो. आणि तो संपल्यावरहि कोणाला तरी जाळी उचलावीच लागते.