पंधरा वर्षांपुढची गाडी आणि दहाचा पाना

(रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या घरगुती व्याख्यानमालेतील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



या मालेत मधुमेहावर भाषण झाले, गच्चीवरच्या बागेवर झाले. मला सांगितले, "काका, तुम्ही तुमच्या आवडीचा विषय घ्या." माझी आवड पार्किंगमध्ये उभी असते, ती रोज सगळ्यांना दिसते. 1998 सालची पांढरी मारुती 800. आपली सोसायटी 2000 सालची, म्हणजे गाडी सोसायटीला दोन वर्षांनी थोरली. बँकेचे स्टाफ लोन काढून घेतली, लोन कधीच फिटले, गाडी आहे.

पण नुसते कौतुक सांगायला मी उभा नाही. येत्या वार्षिक सभेपुढे एक ठराव येतो आहे. पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्या आवारात ठेवू नयेत, असा. ठराव दोन भागांचा आहे आणि माझे म्हणणेही दोन प्रकारचे आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या.

आधी कायद्याचे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवायची, तपासणीत पास झाली की पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, मग पुन्हा पाच. महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. माझ्या गाडीचे 2013, 2018 आणि 2023 असे तीनदा झाले. एवढ्या जुन्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी काढायची, तीही काढतो. पंधरा वर्षे झाली की पेट्रोल गाडी बाद, हे आपण ऐकतो ते दिल्ली आणि आसपासच्या भागाचे. पुण्यात तसा नियम नाही. सरकार जी गाडी रस्त्यावर चालवू देते, ती सोसायटीने वयावरून बाहेर काढावी हे मला पटत नाही.

आता दुरुस्ती. लोकांच्या डोळ्यांसमोर दुरुस्ती म्हणजे गाडीखाली आडवा झालेला माणूस आणि फरशीवर काळे ऑईल. मी करतो ते त्यातले नाही. रविवारी अर्धा तास बॉनेट उघडायचे, एवढेच. आमच्या बँकेत संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जात नसे. चोरी झाली असेल म्हणून नव्हे, तर पाच रुपयांचा फरक आजच सापडला तर पाच मिनिटांत सापडतो म्हणून. गाडीचेही तसेच आहे. डिपस्टिक काढून पुसायची, पुन्हा घालून ऑईल बघायचे. ब्रेक ऑईलची बाटली बाहेरूनच बघायची, पातळी उतरलेली दिसली तर नुसती भरून मोकळे व्हायचे नाही, ते का उतरले हे मेकॅनिकला विचारायचे. रेडिएटरचे झाकण फक्त थंड इंजिनावर. गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते.

बॅटरीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या गाडीची निम्मी दुखणी तिथेच असतात. काही वर्षांपूर्वी माझी गाडी सकाळी नुसती टक् टक् करायची. एका गॅरेजने स्टार्टर बदलायला सांगितला, साडेसात हजारांचा आकडा दिला. मी "उद्या सांगतो" म्हणून घरी आलो आणि बॅटरीची टर्मिनल्स उघडली. पांढरा-हिरवा बुरा इंचभर साचलेला. गरम पाण्यात खायचा सोडा घालून, जुन्या टूथब्रशने घासले, कोरडे केले, घट्ट बसवले, वरून व्हॅसलीन लावले. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. सोडा हिने ढोकळ्यासाठी आणला होता, त्याची भरपाई मात्र करावी लागली.

करायची पद्धत लक्षात ठेवा. दहाचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह, म्हणजे वजा खुणेची वायर काढायची, मग अधिक खुणेची. बसवताना उलट, वजा सर्वांत शेवटी. कारण वजा बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, ती जोडलेली असताना अधिक बाजूवरचा पाना पत्र्याला टेकला की ठिणगी उडते. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा ठिणगी नको आणि सिगारेट तर नकोच. सोड्याचे पाणी झाकणाच्या भोकांतून आत जाऊ द्यायचे नाही. बॅटरीत घालायचे ते डिस्टिल्ड वॉटर, नळाचे नाही.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. चॉकलेटची चांदी गुंडाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. अशाने फ्यूजऐवजी वायर जळते.

दुसरे म्हणजे पावसाळा. आपल्या गुलमोहराची बारीक पाने काचेखालच्या जाळीत जाऊन बसतात, कुजतात, पाणी तुंबते आणि ते पायाशी गळते. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला छोटी भोके असतात, ती मातीने बुजली की दार आतून सडते. वरून रंग छान दिसत असतो! झाडूची एक काडी पुरते, खर्च शून्य. हे कुठलेही गॅरेज तुम्हाला करून देणार नाही.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही वर्षातून दोनदा बघा. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि आपल्या जुन्या गाड्यांचे रबर त्या हिशेबाने केलेले नाही. नळी फुगलेली, चिरलेली किंवा बोटाला ओलसर लागली, पेट्रोलचा वास आला, की गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. भाग मिळत नाहीत ही तक्रार माझी तरी नाही. नाना पेठेत अजून बहुतेक सगळे मिळते, फक्त जुना भाग नमुना म्हणून बरोबर न्यावा.

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट आणि गाडीखाली शिरून करायचे कुठलेही काम मी करत नाही, तुम्हीही करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर हातसुद्धा घालू नये. स्टेपनी बदलणे वेगळे. ते इथल्या प्रत्येकाला, वहिनींना आणि कॉलेजच्या मुलींनाही आले पाहिजे. नट आधी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, बसवताना हाताने आटे धरू द्यायचे, आणि समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे.

ठरावाचा दुसरा अर्धा भाग मात्र मला मान्य आहे. आपल्या आवारात दोन गाड्या अशा आहेत की त्यांची चाके बसलीत, आत उंदरांनी वायरी खाल्ल्या आहेत. कुणाच्या ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही. गाडीत आठवण असते हे मी समजू शकतो. एका घरात ती चालवणारे आता नाहीत. पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, पावसाळ्यात हँडब्रेक लावून ठेवला तर ब्रेक शू ड्रमला चिकटतात. त्यासाठी हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून, चाकाला वीट लावावी. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे फिरवून आणावी. जागेवरच दोन मिनिटे इंजिन चालू करून काही उपयोग नाही, तेवढ्यात बॅटरी भरत नाही. आणि बंदिस्त पार्किंगमध्ये तर तसे करूच नका, धुरातला कार्बन मोनॉक्साईड जीवघेणा असतो.

ज्यांना फिरवणे शक्य नाही त्यांनी गाडी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यावी, ठेव प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यावी. नंबर प्लेटसकट भंगारवाल्याला देऊ नका, कागदोपत्री मालक तुम्हीच राहता. अर्ज भरायला मदत लागली तर मी आहे, पस्तीस वर्षे दुसरे काय केले!

तेव्हा कमिटीला माझी सूचना अशी. वयाची अट काढा, त्याऐवजी चालू नोंदणी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती दरवर्षी मागा. ऑईल बदलणे, रंगकाम, ठोकाठोकी यांना बंदी घाला, माझा हात वर असेल. नळी लावून गाडी धुण्यालाही घाला, अर्ध्या बादलीत माझी गाडी निघते. पण बॉनेट उघडण्याला बंदी नको.

येत्या रविवारी सकाळी आठला बी विंगखाली मी टर्मिनल्स साफ करणार आहे. ज्यांना बघायचे आहे त्यांनी या. पाना माझ्याकडे आहे, सोडा आणि फडके ज्याने त्याने आपले आणावे.