कोल्सलॉ घरचंच करू या

(सोसायटीच्या महिला मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष, सचिव, मंडळाच्या सगळ्या मैत्रिणी आणि दारात उभं राहून ऐकणारी पुरुष मंडळी! आत या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला भाषण येत नाही, कृती सांगता येते, म्हणून तेवढंच करणार आहे. आपल्या रौप्यमहोत्सवाच्या स्नेहभोजनाचा बेत ठरला. मोठ्यांचं पान आपलं नेहमीचं. मुलांना विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर आलं, "कोल्सलॉ सँडविच." परवा कमिटीत कुणीतरी म्हणालं, "त्यात काय, बाहेरून डबे मागवू." मी नको म्हणाले, जरा जोरातच म्हणाले. त्याचं कारण आधी सांगते, मग कृती.

जुन्या रहिवाशांना २०१७ चा मे महिना आठवत असेल. मुलांच्या उन्हाळी शिबिराचा शेवटचा दिवस होता. खाऊची जबाबदारी माझी. मी सँडविचमध्ये भरायचं तयार कोल्सलॉ बाहेरून आणलं आणि डबा गच्चीवर मांडवात ठेवला. अकराला ठेवला तो तीन वाजता उघडला. लातूरचा मे, वर पत्रा, खाली तापलेली फरशी. रात्री अकरा मुलांना उलट्या सुरू झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या आज्जींचा नातू तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला दोन दिवस सलाईन लावावं लागलं. डबा ज्यांनी दिला त्यांच्याकडून काही चुकलं होतं का, मला माहीत नाही. चार तास उन्हात मी ठेवला, एवढं मात्र नक्की.

कुणी मला बोललं नाही. त्याचाच जास्त त्रास झाला. मी जिन्यानं जाताना पहिल्या मजल्यावर पावलं भराभर टाकायची. तीन आठवड्यांनी आज्जीच वर आल्या. हातात दह्याचं पातेलं आणि पातळ धोतराचं कापड. म्हणाल्या, "काय करायलीस? लेकरांना ते पांढरं खायचंय ना? मग आपण करू की. असं तोंड लपवून किती दिवस बसणार?"

आज जी कृती सांगते ती त्या दुपारपासून सुरू झाली. आज्जी समोर बसल्यात. चुकलं तर त्या सांगतीलच.

आधी हे पांढरं काय असतं ते बघू. कोल्सलॉ हा शब्द डच भाषेतून आलाय. कोल म्हणजे कोबी आणि स्ला म्हणजे सॅलड. आपला 'कोबी' हा शब्द तरी कुठं आपला आहे? तो पोर्तुगिजांकडून आला. त्यातलं ड्रेसिंग बहुतेक वेळा मेयोनेजचं असतं. अस्सल मेयोनेज म्हणजे कच्च्या अंड्याच्या बलकात थेंब थेंब तेल घालून घोटलेलं मिश्रण. तेल आणि पाणी एरवी एकत्र राहत नाहीत. बलकातला लेसिथिन नावाचा पदार्थ तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतो, म्हणून ते लोण्यासारखं दाट होतं.

अडचण कच्च्या अंड्याची आहे. त्यात साल्मोनेला जंतू असू शकतात आणि मेयोनेज शिजवलेलं नसतं. केरळनं जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. आपल्या नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणानं ३० ऑक्टोबर २०२४ ला एका वर्षासाठी घातली. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूनंही घातली. आपल्यात अंडं न खाणारी घरंही बरीच आहेत. म्हणजे आपल्याला दाटपणा हवा, पण अंडं नको.

मग तो दाटपणा आणायचा कुठून? आज्जींनी त्या दिवशी मला हेच दाखवलं. दाट करायला काही घालायचं नाही, पाणी काढायचं. दह्यातलंही काढायचं आणि कोबीतलंही. माझं माहेर नांदेडचं. तिथं पाडव्याच्या आदल्या रात्री आई नळाच्या तोटीला दह्याचं फडकं बांधायची, सकाळी श्रीखंडाचा चक्का तयार. तोच चक्का इथं लागतो, फक्त साखर आणि वेलदोडा त्याच्या वाटेला जात नाही.

आता लिहून घ्या. हे प्रमाण पंधरा सँडविचचं आहे.

अर्धा किलो कोबी, एक मोठं गाजर, अर्धा किलो दही, दोन मोठे चमचे साय, दोन मोठे चमचे तेल, एक छोटा चमचा मोहरी, दोन छोटे चमचे साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा मिरपूड आणि मीठ.

दही म्हशीच्या दुधाचं घ्या. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साधारण चार. देवणी आणि लाल कंधारी या आपल्याच भागातल्या गाई, त्यांच्या दुधाला नावं ठेवत नाही. पण चक्का मऊ आणि भरपूर हवा असेल तर म्हशीचंच दही बरं. दही गोड हवं, म्हणजे ताजं लागलेलं. आंबट दह्याचं ड्रेसिंग मुलं बाजूला सारतात.

दही तोटीला टांगू नका. आपल्या हवेत ते सकाळपर्यंत आंबट होतं. चाळणीत कापड पसरा, दही ओता, खाली पातेलं ठेवा आणि सगळं फ्रिजमध्ये रात्रभर राहू द्या. अर्धा किलो दह्याचा साधारण दोनशे ग्रॅम चक्का मिळतो. खाली साठलेलं पाणी फेकायचं नाही. दशम्यांची कणीक त्यात मळा, किंवा कढीत घाला.

कोबीची वरची दोन-तीन पानं काढून टाका. गड्डा चार भागांत चिरा आणि आधी साध्या पाण्यात बुडवून धुवा. २०१६ आठवतंय ना? त्या १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. तेव्हापासून आपल्या घरात धुवायचं पाणी थेट मोरीत जात नाही. हे पहिलं पाणी झाडांना घाला. नंतर कोबी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवा, म्हणजे पानांत दडलेली अळी सुटते. हे पाणी मात्र झाडांना नको, संडासात वापरा. शेवटी पिण्याच्या पाण्यानं खळबळून घ्या. कोबी कच्चा खायचाय, टँकरच्या पाण्यावर थांबू नका.

आता बारीक लांब चिरा, दीड छोटा चमचा मीठ चोळा आणि वीस मिनिटं बाजूला ठेवा. मीठ कोबीच्या आतलं पाणी बाहेर ओढतं. मग मूठ मूठ घेऊन घट्ट पिळा. मी पहिल्यांदा ही पायरी गाळली होती. ड्रेसिंग झकास जमलं होतं, पण तासाभरात भांड्यात तळ्यासारखं पाणी. आज्जी डोकावून म्हणाल्या, "पाणी सुटायलंय बघ, तू पिळलंच नाहीस." बहुतेकांचं कोल्सलॉ इथंच बिघडतं आणि दोष ड्रेसिंगला मिळतो. पिळल्यावर चव बघा. खारट वाटलं तर एकदा पाण्यातून काढून परत पिळा. गाजर किसून त्यात टाका.

राहिली मोहरी. ही खरी आपली गोष्ट आहे. इंग्रजी कृतीत बाटलीतली मस्टर्ड घालतात. आपल्याकडं फेसलेली मोहरी आधीपासून आहे. मोहरी खलबत्त्यात कुटा, चमचाभर गार पाणी घाला आणि नाकाला झणका येईपर्यंत घोटा. पाणी गारच हवं. गरम पाण्यानं मोहरीचा तिखटपणा मरतो. घोटून झाल्यावर दहा मिनिटं तशीच ठेवा आणि मगच लिंबू घाला. आंबट आधी पडलं तर झणका नीट चढत नाही. मोहरीचा दुसरा गुण असा की, तिच्यातला चिकट अंश तेल आणि पाणी एकत्र धरायला मदत करतो. अंड्याचं थोडंसं काम ती करते, थोडं दुधातली प्रथिनं करतात.

आता चक्का, साय, साखर, मिरपूड आणि फेसलेली मोहरी एका भांड्यात रवीनं किंवा चमच्यानं घोटा. मिक्सरमध्ये जास्त फिरवू नका, सायीचं लोणी निघतं. घोटता घोटता तेल बारीक धारेनं सोडा. आपल्याकडं करडईचं तेल मिळतं, ते छान लागतं. पण घाण्याचं असेल तर त्याला स्वतःचा वास असतो, म्हणून एक चमचा ते आणि एक चमचा दुसरं बिनवासाचं घ्या. शेवटी लिंबाचा रस. मीठ अगदी बेतानं, कारण कोबीत आहेच. चमचा उलटा केला तर ड्रेसिंग पटकन पडता कामा नये, इतपत दाट हवं. जास्त घट्ट झालं तर चमचाभर दूध घाला.

झालं. पण आता सगळ्यात महत्त्वाचं. कोबी आणि ड्रेसिंग वेगवेगळ्या डब्यांत, दोन्ही फ्रिजमध्ये. एकत्र करायचं ते वाढायच्या आधी अर्धा तास. बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर असा दुधा-दह्याचा पदार्थ बाहेर एका तासापेक्षा जास्त ठेवायचा नाही. घरचं आहे म्हणून ते नासत नाही असं नाही. दही घरचं असो की बाहेरचं, ऊन दोन्हींना सारखंच लागतं. हे मी चार तासांचा हिशोब चुकवून शिकलेली बाई सांगतेय.

आता स्नेहभोजनाचं बघू. दीडशे सँडविच करायची म्हणजे मघाच्या प्रमाणाच्या दहापट. पाच किलो कोबी, दहा गाजरं, पाच किलो दही. एवढं एका फ्रिजमध्ये मावणार नाही, आणि लाईट गेली तर सगळंच जाईल. म्हणून माझी विनंती अशी, दहा घरांनी एकेक वाटा उचलायचा. प्रत्येकीनं आदल्या रात्री अर्धा किलो दही आपल्या फ्रिजमध्ये गाळत ठेवायचं आणि सकाळी ड्रेसिंग करून तिथंच ठेवायचं. कोबी आपण सगळ्या मिळून सकाळी इथं हॉलमध्ये धुऊ, चिरू आणि पिळू. पिळलेला कोबीही लगेच वाटून दहा फ्रिजमध्ये जाईल. जेवणाच्या आधी अर्ध्या तासानं दहाही घरांतून डबे खाली येतील, आणि प्रत्येक डबा उघडताना मी स्वतः बघून, हुंगून, चाखून घेईन. ज्या डब्याबद्दल शंका आली तो बाजूला. त्यात कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. माझा स्वतःचा डबाही असाच तपासायचा, तो आज्जी तपासतील.

नावं देण्यासाठी वही समोर ठेवली आहे. आतापर्यंत सात घरं झालीत, तीन हवीत.

आणखी एक. कोबी पिळायला जोर लागतो, म्हणून मुलांनाही बोलावलंय. सगळ्यात आधी ज्यानं नाव दिलं तो आज्जींचा नातू. आता बारा वर्षांचा आहे. त्या मे महिन्यानंतर कितीतरी दिवस तो पांढरं काही ताटात आलं की उठून जायचा, दहीभातसुद्धा खायचा नाही. काल मला जिन्यात गाठून विचारत होता, "काकू, पिळलेला कोबी किती वेळ फ्रिजबाहेर चालतो?"

मी सांगितलं, एक तास. तो म्हणाला, "मग मी घड्याळ लावून बसतो."

तेव्हा घड्याळ लावणारा मिळालाय. उरलेल्या तीन घरांनी जाताना वहीत नाव लिहा. आणि ज्यांच्याकडं खलबत्ता आहे त्यांनी तो घेऊन या, मिक्सरमध्ये मोहरी नीट फेसली जात नाही.