फ्रँक हॉर्नबी : भोकांच्या पट्ट्यांचा जादूगार



आयटीवाला माईकसमोर आला की लोकांना वाटतं, आता बिल गेट्स ऐकावा लागणार. घाबरू नका. आजचा माणूस लिव्हरपूलचा एक हिशेबनीस आहे, फ्रँक हॉर्नबी. जन्म १८६३ चा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, इंजिनिअरिंगचं शिक्षण शून्य. एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे तो वह्या लिहायचा.

घरी रोलंड आणि डग्लस ही दोन मुलं. त्यांच्यासाठी तो पत्रा कापून खेळणी करायचा. पण क्रेनसाठी कापलेला तुकडा फक्त क्रेनलाच बसणार. पूल हवा असेल तर पुन्हा कापा, पुन्हा भोकं पाडा! त्यावर त्याने काढलेला तोडगा इतका साधा आहे की आधी कुणाला कसा सुचला नाही याचंच नवल वाटतं. सगळ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद आणि भोकं अर्ध्या-अर्ध्या इंचावर. मग कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला नट-बोल्टने जोडा, खेळून झालं की खोला आणि दुसरं काहीतरी करा. आम्ही हेच 'रियूजेबल कॉम्पोनंट्स' म्हणून क्लायंटला पॉवरपॉइंटवर दाखवतो आणि वर बिल लावतो! भारतात 'मेकॅनिक्स'चा संच खेळलेल्यांना तर हे हातांनीच ठाऊक आहे.

पेटंटच्या खर्चासाठी पाच पौंड उसने दिले ते एलियटसाहेबांनीच. १९०१ मध्ये पेटंट झालं. साहेबांनी ऑफिसशेजारची रिकामी जागा दिली आणि भागीदारही झाले. मला या गोष्टीत एलियट फार आवडतो. कारकुनाचा फावल्या वेळचा उद्योग बघून त्याला नोटीस देणारे साहेबच जास्त असतात. पहिली काही वर्षं संच खपत होते, नफा मात्र नव्हता. तो १९०६ साली दिसला, तोही थोडासा. पुढच्या वर्षी 'मेकॅनो' हे नाव नोंदवलं, १९०८ मध्ये कंपनी झाली, १९१४ मध्ये बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९२० पासून हॉर्नबी रेल्वे, १९३० च्या दशकात डिंकी गाड्या. १९३१ मध्ये स्वारी खासदारही झाली! १९३६ साली तो गेला. कंपनी १९६४ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेली आणि १९७९ मध्ये बिन्स रोडला कुलूप लागलं.

पण आमच्या क्षेत्राशी त्याचं नातं वेगळंच आहे. १९३४ मध्ये मँचेस्टरला प्राध्यापक डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून 'डिफरन्शियल अ‍ॅनालायझर' बांधला. समीकरणं सोडवणारं हे यंत्र अणूच्या रचनेवरच्या खऱ्या संशोधनासाठी वापरलं गेलं. डिजिटल कॉम्प्युटरच्या आधीची ही गणकयंत्रं. अशा यंत्रात खेळण्यातले गिअर फिरत होते!

एक गोष्ट मात्र खटकते. कंपनीची जाहिरात असायची, 'मुलांसाठी इंजिनिअरिंग', आणि मुलं म्हणजे फक्त मुलगे. पेटंटच्या नावात 'बालके आणि तरुण' असा शब्दप्रयोग होता, दुकानात पोचेपर्यंत मुली गळाल्या. पण १९४८ मध्ये टोरांटो विद्यापीठात पुन्हा एक मेकॅनोचा अ‍ॅनालायझर तयार झाला, तो बांधला बिअ‍ॅट्रिस वर्स्ली या तरुणीने. पुढे केंब्रिजला जाऊन तिने कॉम्प्युटरवर पीएच.डी. केली, तीही त्या विषयातल्या अगदी सुरुवातीच्या काहींपैकी एक.