यंत्राला आज्ञा देण्याची विद्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना संगणकाचा प्रोग्राम लिहायला शिकवणे हे माझे काम. विषय रूक्ष वाटेल, पण आपल्यापैकी पुष्कळजणींच्या लेकी, नाती, भाचे आज याच वर्गात बसतात आणि महिन्या-दीड महिन्यात घरी येऊन म्हणतात, “हे माझ्या डोक्यात शिरत नाही.” त्या वेळी घरातून काय उत्तर मिळते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

प्रोग्राम म्हणजे काय? विणकाम करणाऱ्या भगिनींना तो नवा नाही. “दोन सुलट, दोन उलट, असे ओळ संपेपर्यंत, अशा वीस ओळी.” यात क्रम आहे, पुनरावृत्ती आहे आणि कोठे थांबायचे त्याची अटही आहे. प्रोग्रामात याहून निराळे काही नसते. फरक एवढाच की, विणणारी बाई शहाणी असते. नमुना छापताना एखादा टाका चुकला असेल, तर ती तो मनानेच सुधारून घेते. यंत्राजवळ हे शहाणपण नाही. ‘मीठ चवीपुरते’ असे त्याला सांगून भागत नाही.

नवशिक्यांची खरी अडचण इथेच आहे. रॉय पी या अमेरिकन संशोधकाने १९८६ साली दाखवून दिले की, यंत्राच्या आत कोणी समजूतदार मन दडले आहे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्याला कळते, असे नवा विद्यार्थी नकळत धरून चालतो. जन्मभर आपण माणसांशीच बोलत आलो, तेव्हा असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात बुद्धीची उणीव नाही.

एक उदाहरण देते. दोन डबे आहेत. एकात तूरडाळ, दुसऱ्यात मूगडाळ. त्यांची अदलाबदल करायची, तर तिसरे भांडे हवे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. संगणकातही आकडे ठेवायला असेच नावाचे डबे असतात. मात्र तिथे एका डब्यातला आकडा दुसऱ्यात ठेवला की, दुसऱ्यातला जुना आकडा नाहीसा होतो आणि पहिल्यातला होता तसाच राहतो. विद्यार्थी लिहितो : ‘पहिल्यात दुसऱ्याचे ठेव, मग दुसऱ्यात पहिल्याचे ठेव.’ परिणामी दोन्ही डब्यांत मूगडाळच! मग मी कागदावर दोन चौकोन काढायला सांगते आणि एकेक ओळ वाचून आकडे खोडून पुन्हा लिहायला लावते. दुसऱ्या ओळीपाशी मुले आपणच थांबतात आणि तिसरा चौकोन काढतात.

ही विद्या पहिल्याच पायरीवर पुष्कळांना अडवते. २०१४ साली वॉटसन आणि ली यांनी १५ देशांतील १६१ प्रारंभिक अभ्यासक्रमांची आकडेवारी पाहिली, तेव्हा सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी उत्तीर्ण होत नाहीत असे आढळले. त्यात मुली वर्गात आधीच थोड्या असल्या, तर आपली ही जागाच नव्हे असे त्यांना लवकर वाटू लागते. वास्तविक, १९४६ साली जगापुढे आलेल्या ‘एनिअ‍ॅक’ या अमेरिकन संगणकाच्या पहिल्या प्रोग्रामर सहा स्त्रियाच होत्या!

कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयाने यावर एक साधा उपाय केला. २००६ च्या सुमारास तेथे पहिल्या वर्षाचे वर्ग पूर्वानुभवाप्रमाणे वेगळे केले आणि भाषाही सोपी, पायथन, घेतली. आधीपासून शिकलेली मुले मोठमोठे प्रश्न विचारीत, ते ऐकून नवखी मुले दबून जात, ते थांबले. संगणकशास्त्र घेणाऱ्यांत तेथे मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते, ते थोड्याच वर्षांत चाळीस टक्क्यांवर गेले. मुलींची बुद्धी तीच होती, वर्गाची मांडणी तेवढी बदलली.

आपल्याकडेही आठवीपासून घरी संगणक असलेला मुलगा आणि वसतिगृहात आल्यावर प्रथमच कळफलकाला हात लावणारी मुलगी एकाच बाकावर बसतात. तिला वाटते, त्याला उपजत येते. त्याची फक्त पाच वर्षे आधी सुरुवात झालेली असते.

अलीकडे आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तयार प्रोग्राम क्षणात मिळू लागला. विकतची पुरणपोळी वाढण्यात पाप नाही. पण तेवढ्याने पुरण शिजवता येते असे होत नाही. म्हणून हल्ली मी मुलांना समोर बसवून विचारते, “ही तिसरी ओळ काढली तर काय होईल?” ज्याने स्वतः विचार केला आहे, तो चाचरत का होईना, उत्तर देतो. यंत्राने लिहिलेले तपासायलाही शेवटी माणसालाच कळावे लागते.

भगिनींनो, आपल्याला संगणक येत नसला तरी आपण तीन गोष्टी करू शकतो. पहिली, लेक रडकुंडीला आली तर “जमत नसेल तर सोड” असे चटकन म्हणू नये. दुसरी, “तुझा प्रोग्राम मला समजावून सांग” म्हणावे. आपल्याला सारे कळले नाही तरी चालेल. मोठ्याने सांगता सांगता तिची तिलाच चूक सापडते. तिसरी, मुलाला अभ्यासाला जेवढा सलग वेळ मिळतो तेवढाच मुलीलाही द्यावा. या कामात मन एकाग्र व्हायला वेळ लागतो आणि “जरा कुकर बघ गं” या एका हाकेने तो वाया जातो.

पहिले दोन महिने ज्या मुली टिकतात, त्यांतल्या पुष्कळ पुढे आनंदाने शिकताना मी पाहते. ते दोन महिने त्यांना घरातून धीर मिळावा, एवढीच माझी विनंती आहे.