उसाचे बेणे

उधन्याहून जळगावकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात चलथाणला येते. सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. तोडणीच्या हंगामात नंदुरबार-धुळ्याकडील कोयतेकरी कुटुंबे याच दक्षिण गुजरातेत उतरतात. त्यांच्या कोयत्याखाली येणारा ऊस बियांतून नव्हे, कांड्यांतून वाढलेला असतो.

उसाला तुरा येतो, बीही धरते. परंतु त्यातून निघणारे प्रत्येक रोप निराळ्या गुणांचे निपजते. नवे वाण शोधणाऱ्यांना ते इष्टच. 1912 साली कोइमतूरला स्थापन झालेल्या संस्थेचे कार्य त्यावरच चालते. शेतकऱ्याला मात्र तोच गोडवा, तोच उतारा हवा. म्हणून तो टिपरी लावतो आणि आईचेच रूप पुन्हा उगवते.

धोकाही यातच आहे. को. सी. 671 हा भरपूर साखरेचा वाण. लाल कुजीने गुजरातेत त्याची वाताहत केली. आई रोगी, तर सारे शेत रोगी!

तेव्हा बेणे नऊ-दहा महिन्यांच्या, खास राखलेल्या मळ्यातूनच घ्यावे. खोडव्यातून कदापि नव्हे. दोन डोळ्यांची टिपरी तोडताना छेदाकडे पाहावे. आत लाली, तीत पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास आढळल्यास ते बेट उपटून जाळावे. टिपरी 50 अंश उष्ण पाण्यात दोन तास ठेवल्यास काणीला आळा बसतो. लाल कुजीला हा उपाय पुरा पडत नाही. राहता राहिला कोयता. खोडवा खुजा करणारा रोग त्याच्याच पात्यावरून एका उसातून दुसऱ्यात शिरतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. बेणे तोडताना पाते वारंवार जंतुनाशकात बुडवून घ्यावे.