पुरानंतरचा प्रश्न

उदगीर हे बालाघाटाच्या पठारावरील गाव. पावसाची वाट पाहण्याचीच सवय या भागास अधिक. 2016 साली तर जिल्ह्याच्या ठिकाणी, लातुरास, मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हा उदगीरकरांनी महापुराची चर्चा कशास करावी, असे कोणी विचारील. परंतु 1948 पर्यंत ज्या हैदराबादचा अंमल या गावावर चालत होता, त्या राजधानीचा पूर व पुढे मुंबईचा पूर हे दोन्ही जवळजवळ ठेवून पाहिले, म्हणजे पाण्याहून कारभाराचाच विचार अधिक करावा लागतो.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदी हैदराबाद शहरात शिरली. सुमारे 15,000 माणसे दगावली असे मानतात. दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर आश्रय घेऊन दीडशे जीव वाचले. ते झाड पुढे शहरात प्रसिद्धच झाले. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खडकवासल्याच्या धरणास आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारे ते हेच. पुराचे पाणी शहराच्या वरच्या अंगासच अडवावे, असा त्यांचा सल्ला पडला, व त्यातून 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर उभे राहिले. काम उत्तम झाले, यात संशय नाही. तथापि ते हुजुरांच्या मर्जीने झाले. मर्जी नसती तर रयतेच्या हाती अर्ज करण्यापलीकडे काय होते?

आता मुंबई पाहा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. लातूर जिल्ह्याच्या संबंध वर्षाच्या सरासरीहूनही हा अधिक. मौज अशी की, त्याच दिवशी त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, तो सुमारे 74 मिलिमीटरच होता. मंत्रालयाकडील रस्त्यांवर साधा पावसाळा चालू असता कुर्ला-कालिन्याकडे माणसे गळ्याइतक्या पाण्यातून वाट काढीत होती. शेकडो माणसे मृत्यू पावली. निसर्गाचा कोप म्हणून हे सोडून देता आले असते, आणि तसे म्हणणारेही होतेच.

परंतु नागरिकांनी ते सोडले नाही. ताशी 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या बेताची जुनी गटारे दुप्पट क्षमतेची करावीत, अशी योजना 1985 च्या पुरानंतर आखली जाऊन 1993 मध्येच महापालिकेच्या हाती आली होती. मग बारा वर्षे तिचे काय झाले? नागरिकांनी स्वतःचा एक चौकशी आयोग नेमला, साक्षी घेतल्या, अहवाल छापला. सरकारनेही माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. मिठी नदीची कथा तर विलक्षणच. विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत अवघी सुमारे 18 किलोमीटरांची ही नदी. पण तिच्यावरून विमानतळाची धावपट्टी गेलेली, काठी कारखाने व झोपड्या दाटलेल्या, मुखाशी भराव घालून कचेऱ्यांची टोलेजंग वसाहत उठविलेली. प्रत्येक तुकड्याचा धनी निराळा. एकाकडे जावे तर तो दुसऱ्याचे नाव सांगे. नदी असल्याचेच अनेक मुंबईकरांस त्या दिवशी प्रथम कळले.

योगायोग असा की, माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला अमलात आला. जो नकाशा पूर्वी कारकुनाच्या कपाटात राहिला असता, तो दहा रुपयांच्या अर्जावर मागता येऊ लागला. 2007 च्या निवडणुकीत जुहूच्या एका प्रभागातून नागरिकांनी आपसात ठरविलेला उमेदवार, अॅडॉल्फ डिसोझा, निवडूनही आला. 227 जागांतील ती एक जागा. फार हुरळून जाण्याचे कारण नाही. गटारांची कामे पुढे वाढली, पाणी समुद्रात लोटणारी उदंचन केंद्रे झाली. तरी 29 ऑगस्ट 2017 रोजी शहर पुन्हा तुंबले व एक नामांकित डॉक्टर पाण्याखालील उघड्या मॅनहोलमध्ये पडून प्राणास मुकले. झाकण कोणी काढले, याहून ते काढल्यावर तेथे पहारा का नव्हता, हा प्रश्न लोकांनी लावून धरला, हे योग्यच झाले.

मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातील पुष्कळ लहान नगरपालिकांचीही तीच गत होती. 26 मे 2025 रोजी पाऊस वेळेआधीच आला आणि वरळीच्या नव्या भुयारी स्थानकात पाणी शिरले, तेव्हा ज्याच्या दारी जाऊन जाब विचारावा असा नगरसेवकच कोणास उरला नव्हता.

उदगीरसारख्या गावास मिठी नदी नाही; नाले आहेत. पावसाळ्याच्या तोंडी नाल्यातला गाळ उपसून काठावरच टाकण्याची रीत गावोगाव दिसते, आणि मृगाची पहिली सर तो पुन्हा नाल्यात लोटते. उपशाचे बिल मात्र एव्हाना मंजूर झालेले असते. त्या बिलावर सही कोणाची आहे, हे विचारावयास महापूर येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दहा रुपयांचा अर्ज ज्येष्ठातही देता येतो.